मागच्या सीटवर ओरेस्ते

पहाटे साडेचारला त्याच्या दाराशी
मी टँडम टेकवते; तो बूट घालून तयार.
पुढची सीट माझी, मागची त्याची.
एकाहत्तर वर्षं, त्यातली पस्तीस
उसाच्या आगगाडीच्या इंजिनात,
शेवटची सहा डोळ्यांवाचून.
"निघायचं?" म्हणतो,
जणू उशीर मीच केलाय.

मोसमन सोडलं की रस्ता सपाट.
दोन्हीकडे ऊस, माणसापेक्षा उंच,
आणि मधूनच तिरके आडवे जाणारे रूळ,
अरुंद, सायकलचं चाक गिळायला टपलेले.
मला दिसायच्या आत तो सांगतो,
"आता. सरळ काटकोनात घे."
इथले सगळे रूळ त्याच्या मणक्यांत मोजून ठेवलेत.
ओलांडताना तो बोटांनी हँडलवर टिचकी मारतो.
लांब, लांब, आखूड, लांब.

मग समुद्र.
माझ्यासाठी डावीकडे एक राखाडी पट्टी,
त्याच्यासाठी कधीचाच आलेला:
खारफुटीचा कुजका वास, त्यामागून वाळूचा,
मग आग्नेयेचा वारा डाव्या गालावर.
"ओहोटी आहे," तो म्हणतो. असते.
उजाडतं तेव्हा किनाऱ्यावर पिवळी पाटी, तिच्यात मगर,
पाटीशेजारी खांबावर व्हिनेगरची बाटली,
जेलीफिश डसली तर ओतायला.
एवढ्या देखण्या पाण्यात पाय घालायची चोरी,
म्हणून तर सायकल, असं तो
प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतो.

वांगेट्टीहून माघारी वळलो की वारा पाठीशी.
पायडल आपोआप फिरतं, ओरेस्ते बेसूर गातो.
पा न्हियाच्या टपरीवर कुणी नसतं;
केळी असतात, आणि झाकणाला भोक पाडलेला
बिस्किटांचा डबा.
तो नाणी कडेवरून ओळखतो.
आज एक जास्त टाकलं.
"मागच्या मंगळवारचं राहिलेलं," म्हणाला.
मला आठवेना. नाण्याचा आवाज मात्र
डब्याच्या तळापर्यंत गेला.

मग डावीकडे घाट.
पहिल्याच वळणावर आभाळ मिटतं,
साखळी खालच्या गिअरवर कण्हते.
'जरा थांब' नावाची काटेरी वेल इथे
खरोखरच बाही धरून ठेवते.
"झरा," तो म्हणतो, आणि दोन झाडं पुढे
मला ऐकू येतो.
"रानआलं." मला नाही आला वास.
माझं नाक सनस्क्रीनने भरलेलं.

सातव्या वळणानंतर चढ इतका धिमा
की मी, का कोण जाणे, डोळे मिटले.
पायडलचे तीन फेरे.
साखळ्या दोन, पण दम एकच वाटला;
त्याचे पाय माझ्या पायांना रेटत होते
की माझे त्याच्या, कळेना.
मला वाटलं होतं, अंधार असेल.
पण गालावर ऊन्ह आलं, गेलं, आलं,
डावीकडचं रान भिंतीसारखं जवळ सरकलं
आणि रस्ता एका बाजूला कलला...

"उघड," मागून आवाज.
"तुला कसं कळलं?"
"हँडल ऐकायला लागलं होतं.
आणि इथे कॅसोवरी रस्ता ओलांडतात,
त्यांच्याशी तू कशाला हुज्जत घालतेस?"

माथ्यावर भाड्याच्या व्हॅनमधली माणसं
कॅमेरे गळ्यात घालून ताटकळलेली.
"काय दिसतंय?" ओरेस्ते विचारतो.
"समुद्र," मी म्हणते. "पार क्षितिजापर्यंत."
"खोटं. माझी दाढी भिजलीय."

कठड्यापलीकडे नुसतं पांढरं.
आम्ही दोघं त्या पांढऱ्याकडे तोंड करून
एकेक केळं खातो. सालं तो खिशात कोंबतो.
रानात टाकायची नसतात, मलाच बजावतो.

आता उतार.
"ब्रेक तुझे," हेल्मेटचा पट्टा चाचपत तो म्हणतो,
"शिट्टी माझी."